आत्याबाई वाचक होतात

वाचनालयाचे कार्यवाह घरी आले, चहा घेतला, त्यात बिस्कीट बुडवलं आणि कपाच्या तळाशी गेलेलं ते बिस्कीट चमच्यानं शोधता शोधता त्यांनी कार्यक्रम समजावून सांगितला. दरवर्षी मेळाव्यात वाचनालय एका जोडप्याला मंचावर बसवतं. गेल्या वर्षात दोघांनी काय वाचलं, त्यातलं कोणतं पुस्तक आवडलं आणि कोणत्या पुस्तकानं निराशा केली, हे त्यांनी लोकांना सांगायचं. मागे एकदा प्राध्यापक आणि त्यांची बायको झाली, मग एक डॉक्टर जोडपं झालं. यंदा सर्वात जुन्या सभासदाला, म्हणजे पोस्टमास्तरांना, तो मान द्यायचं ठरलं होतं.

पोस्टमास्तर हे पोस्टात खिडकीवर बसत. मास्तर ते कधीच नव्हते. पण गल्लीनं दिलेली ही बढती त्यांनी कधी नाकारली नाही आणि त्यांच्या बायकोनं ती कुणाला काढून घेऊ दिली नाही. ही बायको म्हणजे आत्याबाई. गल्लीत त्यांचा सख्खा भाचा एकही नव्हता, तरी सगळी गल्ली त्यांना आत्याबाई म्हणे, आणि म्हणताना जरा अंतर राखून उभी राही.

बोलायचं काम मास्तर करतील, कार्यवाह म्हणाले. आत्याबाईंनी नुसतं शेजारी बसायचं. तेवढीच मंचाला शोभा.

"शोभेला कुंडी ठेवा," आत्याबाई म्हणाल्या. "मी आले तर बोलणार."

कार्यवाहांनी चमचा खाली ठेवला. आत्याबाईंची शाळा चौथीत सुटली हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते बोलून दाखवायचं नसतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कार्यवाह फार जपून, पायरी चाचपत उतरावं तसे म्हणाले, की बोलायला वाचन लागतं. आत्याबाईंनी सांगितलं की यांनी जेवढं वाचलंय तेवढं मीही वाचलंय. हे डोळ्यांनी वाचतात, मी कानांनी. घर एकच, आत शिरायचं दार वेगळं.

ते खोटं नव्हतं. रोज दुपारी जेवणं आटोपली की पोस्टमास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मोठ्यानं वाचत आणि आत्याबाई समोर बसून इस्त्री करत, बटणं लावत, लसूण सोलत. बाटलीवरची औषधाची नावं, दुकानाच्या पाट्या, विजेचं बिल हे सगळं आत्याबाईंना वाचता येई. पण पुस्तकाचं पान उघडलं की मुंग्या सैरावैरा धावल्यासारख्या वाटत, आणि मुंग्या दिसल्या की त्यांचा हात झाडूकडे जाई. त्यापेक्षा ऐकणं बरं. मास्तरांचा आवाजही सोयीचा होता. आयुष्यभर रजिस्टर पत्रांवरचे पत्ते वाचल्यामुळे ते खून, वादळ, विरह आणि प्रस्तावना हे सगळं एकाच सुरात वाचत. कुठं रडायचं आणि कुठं हसायचं हे ऐकणाऱ्यानं आपापलं ठरवावं. आत्याबाईंना ते पसंत होतं. दुसऱ्यानं ठरवलेलं त्यांना कधीच मानवलं नव्हतं.

आणि त्या नुसत्या ऐकत नसत. नायक खिडकीत उभा राहून जगण्याचा अर्थ शोधू लागला की इस्त्री थांबे. याला नोकरी नाही का, असं त्या विचारत. जेवतो कुणाच्या जिवावर, ते लेखकानं सांगितलंय का बघा. पोस्टमास्तर चार पानं मागे जाऊन बघत. बहुतेक वेळा सांगितलेलं नसे.

तर आत्याबाई बोलणार हे ठरलं. म्हणजे आत्याबाईंनी ठरवलं. कार्यवाह जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाले, की मंचावर फक्त सभासदालाच बोलता येतं, नियम आहे. त्यांना वाटलं, झाकण बसलं. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी आत्याबाई पायरीवर बसलेल्या होत्या.

सभासद होण्याचा अर्ज पोस्टमास्तरांनी भरला. शिक्षण या रकान्याशी पेन अडखळलं. "चालू आहे, असं लिहा," आत्याबाईंनी सांगितलं, आणि तसंच लिहिलं गेलं. मग कार्यवाहांनी राहत्या जागेचा पुरावा मागितला. घर मास्तरांच्या नावावर, वीज मास्तरांच्या नावावर, पाणी मास्तरांच्या नावावर. ज्या घरात आत्याबाईंना विचारल्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नव्हतं, त्या घरात त्या राहतात याचा कागद कुठंच नव्हता. कार्यवाह हळहळले. हळहळताना त्यांचा चेहरा फार ताजातवाना दिसत होता.

पुरावा शेवटी खालच्या मजल्यावर सापडला. तिथं निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहत. वरून झाडांचं पाणी ठिबकतं, वरून सतरंजी झटकतात, वरून टाकून बोलतात, अशा तक्रारी त्या इमारतीच्या चेअरमनकडे वर्षानुवर्षं लेखी देत आल्या होत्या. प्रत्येक तक्रारीत 'वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई' असं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं आणि खाली चेअरमनचा शिक्का होता. आत्याबाईंनी तो सगळा गठ्ठा मागून आणला आणि कार्यवाहांच्या टेबलावर आपटला. खालच्या बाईंना इतकी वर्षं एवढा त्रास होतोय तर मी तिथं राहत असणारच, असा त्यांचा मुद्दा होता. कार्यवाहांना तो खोडता आला नाही. सभासद कार्ड मिळालं. आत्याबाईंनी ते स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या काचेत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लावलं.

मग सल्ले सुरू झाले. मुख्याध्यापिकाबाईंना आपल्या तक्रारींचा हा उपयोग झालेला आवडला नव्हता. पण भाषण म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्या एक भाषण लिहून घेऊन आल्या. पहिल्याच वाक्यात साहित्य, समाज आणि आरसा होता. आत्याबाईंनी सांगितलं की आरसा घरात आहे, पुढचं वाचा. पुढचंही तसंच होतं. सूनबाईचं म्हणणं पडलं की निराशा वगैरे काही बोलूच नये, लेखक लोक मनाला लावून घेतात, सगळीच पुस्तकं छान होती म्हणावं आणि खाली बसावं. आत्याबाईंनी तिला विचारलं, की मग तू माझ्या स्वयंपाकाबद्दल फोनवर बहिणीला काय सांगत असतेस. सूनबाई कपडे वाळत घालायला निघून गेली.

विचित्र वागत होते ते पोस्टमास्तर. त्यांचं जेवण कमी झालं. ते उगाच कपाटं उघडून बंद करत. आत्याबाई भाषणाची तयारी म्हणून पुस्तकांची उजळणी करू लागल्या की ते मध्येच विषय काढत. ती दोन प्रेमिकांची जाड कादंबरी आहे ना, ती राहू दे, तिच्यावर बरेच लोक बोलून गेलेत. आणि ती शिवणकाम करणाऱ्या बहिणीची कादंबरी, तीही राहू दे, तिला बक्षीस मिळालंय, बक्षीस मिळालेल्यावर आपण काय बोलायचं. आत्याबाईंना वाटलं, मंचाची धास्ती बसली आहे. आणि मनातून असंही वाटलं की हिच्यापुढे आपण फिके पडू, अशी त्यांना भीती असणार. बायकोला कार्ड मिळाल्यावर पुरुषाचं असं होतंच.

राहू देणं शक्यच नव्हतं. शिवणकाम करणारी बहीण म्हणजे त्यांचं वर्षभरातलं सर्वात आवडतं पुस्तक. थंडीत त्या छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा मास्तरांनी ते वाचून दाखवलं होतं. आईबापाविना ही बहीण कपडे शिवून धाकट्या भावाला वाढवते, शिकवते. भाऊ मोठा होतो, शहरात जातो, तिला विसरतो. शेवटी कधीतरी लाज वाटून परत येतो आणि दार वाजवतो. ती आतून विचारते, कोण आहे. तो सांगतो. ती म्हणते, थांब, हातातली शिलाई पूर्ण होऊ दे. आणि त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवून ती शेवटच्या टाक्यापर्यंत शिवते, दोरा दातानं तोडते आणि मग उठून दार उघडते. हे ऐकून आत्याबाई तापातसुद्धा उठून बसल्या होत्या. अशी बाई पुस्तकात निघावी याचं त्यांना फार समाधान वाटलं होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी कळलं, की प्रमुख पाहुणे त्याच कादंबरीचे लेखक आहेत. आत्याबाईंना आनंद झाला. पोस्टमास्तरांना ताप भरला. आत्याबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप मनाचा आहे असं निदान केलं आणि त्यांना इस्त्रीचा सदरा घालून उभं केलं.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत मुख्याध्यापिकाबाई, मंचावर गळ्यात मफलर घातलेले लेखक, त्यांच्या बाजूला कार्यवाह. आणि खरंच एक कुंडी होती. आत्याबाईंनी ती पायानं थोडी मागे सरकवली.

पोस्टमास्तरांनी आपल्या वाट्याचं दोन मिनिटांत, पत्ता वाचावा तसं उरकलं. मग माईक आत्याबाईंकडे आला. त्यांनी निराशेपासून सुरुवात केली. पहिली निराशा, पहाटे लवकर उठल्यानं आयुष्य कसं बदलतं ते सांगणारं पुस्तक. लेखकाला एक दिवस पहाटे जाग आली तर त्यानं अख्खं पुस्तक लिहिलं, आपण लग्न झाल्यापासून पहाटे उठतोय, आपलं काहीच बदललं नाही, उलट सगळ्यांचे डबे वाढले. लोक हसले. बायका जास्त हसल्या. आत्याबाईंच्या अंगात आलं.

दुसरी निराशा, त्या दोन प्रेमिकांची कादंबरी. "एवढी जाड," त्या म्हणाल्या, "पण लेखकाला काही नीट सांगताच येत नाही. तो आणि ती पावसात सापडतात. एका रिकाम्या बंगल्यात शिरतात. तो दार लावून घेतो. आणि पुढच्या ओळीत त्यांचा मुलगा शाळेत निघालाय. अशानं वाचणाऱ्याला कळायचं काय?"

सभागृहातला हशा आधी मागच्या रांगांमधून आला आणि मग थांबेचना. आत्याबाईंना वाटलं, छान चाललंय. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई उठल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, की तुमची काहीतरी गफलत होतेय, त्या बंगल्यात चांगली बावीस पानं घडतात आणि वाचनालयाच्या प्रतीत तीच पानं सर्वात मळलेली आहेत.

"ते तुम्हाला कसं माहीत?" आत्याबाईंनी विचारलं.

मुख्याध्यापिकाबाई खाली बसल्या. पण आत्याबाईंच्या डोक्यात किडा शिरला होता. त्यांनी शेजारी पाहिलं. पोस्टमास्तर चष्मा पुसत होते. पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मागे हटायची सवय नसल्यामुळे आत्याबाई आवडत्या पुस्तकावर गेल्या. त्यांनी त्या बहिणीची गोष्ट सांगितली, दार सांगितलं, शिलाई सांगितली, दातानं तोडलेला दोरा सांगितला. आता कुणी हसत नव्हतं. लेखक मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले होते. आत्याबाईंचं झाल्यावर त्यांनी माईक मागून घेतला आणि अतिशय सौजन्यानं सांगितलं, की आपल्या कादंबरीत असं काही नाही. भाऊ परत येतो तेव्हा बहीण मरण पावलेली असते. दाराला कुलूप असतं. तो कुलूप हातात धरून उभा राहतो. या शेवटासाठीच पुस्तकाला बक्षीस मिळालं.

सभागृहात कुजबूज झाली. कार्यवाह समोरच्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, की ऐकीव वाचनाचं हे असंच व्हायचं.

आत्याबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. पण त्यांचा पहिला विचार त्या बहिणीचा होता. "मेली कशानं?" त्यांनी लेखकाला विचारलं. "पुस्तकभर ती एकदा शिंकलीसुद्धा नाही."

लेखक म्हणाले, ती दुसऱ्या प्रकरणापासून खोकत असते. शेवटी तर सारखीच खोकते.

मग पोस्टमास्तर उभे राहिले. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. त्यांनी माईक घेतला नाही, पण त्यांचा खिडकीवरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात असे.

"तेव्हा हिलाही खोकला होता," ते म्हणाले. "डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून बरंच काही सांगितलं होतं. घरी आलो आणि पुस्तक उघडलं तर त्यात तोच खोकला. मी तो काढून टाकला. जिथं जिथं आला तिथून काढला. मग शेवटाला पोचलो, तर ती मरायला लागली. तिला मरायला काही कारणच उरलं नव्हतं, म्हणून जगवली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बंगल्यातली पानं मी लाजून गाळली. ती चूक माझी. लेखकाची नाही."

आत्याबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. आपल्याला इतक्या लोकांत तोंडघशी पाडलं म्हणून या माणसाची हजेरी घ्यावी, की डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते आधी विचारावं, हे त्यांना ठरवता येईना. दोन्ही घरी करता येण्यासारखं होतं. मंचावर करण्यासारखं काम वेगळंच होतं. त्या लेखकाकडे वळल्या आणि तिला का मारलीत, असं त्यांनी सरळ विचारलं.

लेखक म्हणाले, ती कलेची मागणी होती.

"मागणी कलेची, आणि मरायचं तिनं," आत्याबाई म्हणाल्या. "जन्मभर बिचारीला राबवलीत आणि भावानं दार वाजवायच्या वेळेला उचललीत. तुमच्यापाशी वेळ होता, कागद होता. यांच्यापाशी नुसतं तोंड होतं, तरी यांनी तिला वाचवली. लोकहो, माझं आवडतं पुस्तक मी सांगितलं तेच आहे. त्यात फरक नाही. आणि या लेखकांनी छापलंय ते निराशेत धरा."

त्या खाली बसल्या. टाळ्या बायकांच्या बाजूनं सुरू झाल्या. लेखकांनीही वाजवल्या, थोड्या उशिरानं. घरी जाताना रस्ताभर आत्याबाई बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत हे पाहून पोस्टमास्तर दोन पावलं मागे चालले. जिन्यात आत्याबाईंनी एवढंच विचारलं, की आणखी कुणाकुणाला वाचवलंय. मास्तरांनी एक घोडा आणि एक सासरा कबूल केला. सासऱ्याची गरज नव्हती, असं आत्याबाई म्हणाल्या.

पण गोष्ट इथं मिटली नाही. कार्यवाहांनी समितीची बैठक घेतली आणि निरोप धाडला. सभासदत्व हे वाचकासाठी असतं. जो स्वतः वाचतो तो वाचक. आत्याबाईंनी गैरसमज करून न घेता कार्ड परत आणून द्यावं, मास्तरांच्या कार्डावर दोघांचं भागेल.

निरोप ऐकून सूनबाई म्हणाली, जाऊ द्या. पोस्टमास्तर म्हणाले, मी त्यांच्याशी बोलतो. तुमचं बोलणं पुरे झालं, असं आत्याबाईंनी सांगितलं, काचेतलं कार्ड काढलं आणि चपला घातल्या. मास्तर मागोमाग निघाले तेव्हा त्यांना वाचनालयाच्या पायरीवर बसवून त्या एकट्या आत गेल्या.

संध्याकाळची वेळ, वाचनालय भरलेलं. लांब टेबलांवर निवृत्त मंडळी वर्तमानपत्रं उघडून त्यांच्या आड बसली होती. मुख्याध्यापिकाबाईही एका मासिकाच्या आड होत्या. कार्यवाहांनी कार्ड घ्यायला हात पुढे केला. आत्याबाईंनी कार्ड दिलं आणि म्हणाल्या, यावर मला पुस्तक हवंय, ते दोन प्रेमिकांचं, मधली पानं वाचायची राहिलीत. कार्यवाह म्हणाले, समितीचा निर्णय तुम्हाला कळला असेलच, तुम्ही स्वतः वाचत नाही. वाचते, आत्याबाई म्हणाल्या. कार्यवाह हसले. इतक्या लोकांसमोर हसायला नको होतं, हे त्यांना थोड्या वेळानं कळलं.

पुस्तक परत आलेल्या गठ्ठ्यावरच होतं. आत्याबाईंनी ते उचलून टेबलावर ठेवलं आणि हात काढून घेतला. पुस्तक आपोआप उघडलं आणि त्याला सवय झालेल्या पानावर थांबलं. मुंग्या धावू लागल्या. आत्याबाईंनी पहिल्या मुंगीवर बोट ठेवलं. कपाळाला घाम आला होता, पण आवाज खणखणीत होता, कारण हळू बोलण्याची सवय त्यांच्या घशाला नव्हती.

"त्या... नं," आत्याबाई वाचू लागल्या, "ति... चा... हा... त... ध... रू... न..."

वर्तमानपत्रं खाली आली. एकामागून एक सगळी आली. एक म्हातारे गृहस्थ कानातलं यंत्र नीट बसवू लागले. मुख्याध्यापिकाबाईंचं मासिक मांडीवर पडलं आणि त्यांनी ते उचललं नाही.

कार्यवाह हळूच म्हणाले, की इथं मोठ्यानं वाचायचं नाही, नियम आहे. मनात वाचायची अजून सवय नाही, आत्याबाई बोट न उचलता म्हणाल्या, शिक्षण चालू आहे. आणि बोट पुढे सरकलं.

"ओ... ल्या... के... सां..."

कार्यवाहांनी घाईघाईनं ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, कार्डावर मारला, पुस्तकावर मारला. गडबडीत एक शिक्का टेबलावरही पडला. ते म्हणाले, न्या पुस्तक, आत्याबाई, घरी न्या, निवांत वाचा, समितीला मी सांगतो, पण आता कृपा करा आणि थांबा.

"थांबते कशी," आत्याबाई म्हणाल्या. "ओळ अर्धी राहिलीय."

आणि एक खुर्ची ओढून घेऊन त्या बसल्या.